एनबीएतला ट्रेड तोलायचा कसा? बेळगाव-निपाणीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात क्रिकेट, फुटबॉल आणि कबड्डीवर बोलायला माणूस कमी पडत नाही. बास्केटबॉलवर बोलणारे त्या मानानं थोडे, पण जे आहेत ते जीव तोडून बोलतात. सकाळी कॉलेजला किंवा कामाला निघण्याआधी मोबाइलवर एनबीएचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा) सामना लावायचा आणि संध्याकाळी शाळेच्या कोर्टावर तीच मूव्ह करून बघायची, अशी ही मंडळी. मी मुलांना बास्केटबॉल शिकवतो. ट्रेडची मुदत फेब्रुवारीत संपते, म्हणून फेब्रुवारी जवळ आला की खेळापेक्षा ट्रेडवरच जास्त प्रश्न येतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र देतोय. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच मांडलंय.

ट्रेड म्हणजे खेळाडू विकतात का?

विकत नाहीत. आयपीएलमुळे हा समज पसरलाय. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पांड्या गुजरातकडून मुंबईकडे गेला तो पैशांच्या बदल्यात. नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईला आणि रवींद्र जडेजा व सॅम करन राजस्थानला गेले. एनबीएतला ट्रेड या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचा आहे. तिथे रोख रक्कम देता येते, पण तिला मर्यादा आहे आणि मोठा खेळाडू कधी नुसत्या रोखीवर जात नाही.

या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: एनबीएत खेळाडूंची नाही, करारांची अदलाबदल होते. समोरच्या टीमकडे खेळाडू जातो तेव्हा त्याचा पगार, कराराची उरलेली वर्षं आणि त्यातल्या अटी सगळं सोबत जातं. म्हणून 'कोण भारी खेळतो' एवढ्यावर ट्रेड तोलला तर हिशेब अर्धाच होतो.

दोन्ही टीम राजी आहेत, खरं पगार जुळेना म्हणून ट्रेड अडला म्हणतात. पगार जुळवायचा कशाला?

प्रत्येक टीमनं पगारावर किती खर्च करायचा याला लीगनं रेषा आखून दिल्यात. २०२५-२६ च्या हंगामात सॅलरी कॅप सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर होती. ही रेषा ओलांडता येते. स्वतःचा जुना खेळाडू टिकवण्यासाठी टीम ती ओलांडतातच, आणि बहुतेक टीम कॅपच्या वरच असतात. पण कॅपच्या वर असलेल्या टीमला बाहेरचा पगार आणायचा तर त्या बदल्यात आपला पगार पाठवावा लागतो. पाठवलेला पगार लहान असेल तर जवळपास दुपटीपर्यंत परत घेता येतो, मोठ्या पगारावर साधारण सव्वापट.

त्याच्या वर आणखी तीन रेषा आहेत (आकडे त्याच हंगामाचे). सुमारे १८ कोटी ७९ लाखांवर लक्झरी टॅक्स (जादा पगारावरचा दंड) लागतो. १९ कोटी ५९ लाखांवर पहिला एप्रन. तो ओलांडलेल्या टीमला पाठवला त्याहून एक डॉलरही जास्त पगार घेता येत नाही. २० कोटी ७८ लाखांवर दुसरा एप्रन, आणि खरा फास तिथे आहे. दुसऱ्या एप्रनच्या वरच्या टीमला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख देता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा तिचा पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याचा हक्क) गोठवला जातो, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही.

लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३ च्या नव्या करारापासून एप्रनचे हे नियम आले आणि ट्रेडची सगळी गणितं बदलली. बॉस्टन २०२४ ला विजेता ठरला आणि २०२५ च्या उन्हाळ्यात त्याच टीममधले ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस दोघेही बाहेर गेले. खेळ कमी पडला म्हणून ते गेले नाहीत. टीमचा मुख्य खेळाडू जेसन टेटम याचा घोटा-टाचेजवळचा स्नायुबंध तुटून तो दीर्घकाळ बाहेर बसणार होता, आणि अशा वर्षात दुसऱ्या एप्रनच्या वर राहण्यात टीमला अर्थ दिसला नाही. मग अशा ट्रेडला 'बॉस्टननं स्वस्तात सोडले' म्हणून नावं ठेवणं मला पटत नाही. पगाराची रेषा खाली आणणं हाच तिथला मोबदला होता.

मोठ्या ट्रेडमध्ये कधी न खेळणारे दोन-तीन जण का घुसडतात?

पगार जुळावा म्हणून, बहुतेक वेळा एवढंच कारण असतं. जागेचंही बघावं लागतं. टीममध्ये नियमित कराराचे १५ आणि टू-वे कराराचे (एनबीए आणि तिच्या खालच्या लीगमध्ये आलटून-पालटून खेळणारे) ३ एवढेच खेळाडू ठेवता येतात. जागा भरलेल्या असताना एक देऊन तिघं घेतले तर आधीच्या दोघांना रजा द्यावी लागते.

ट्रेडची बातमी आली की आधी काय बघायचं?

मी आधी खेळाडू बघत नाही, टीम बघतो. या टीमचं काय अडलं होतं? रिंगजवळ डिफेन्स करणारा नव्हता, कोपऱ्यातून थ्री (तीन पॉइंटचा शॉट) मारणारा नव्हता, की मुख्य खेळाडू बेंचवर बसला की बॉल सांभाळणारा कुणी नव्हता? अडचण कळली नाही तर ट्रेड चांगला की वाईट हे सांगताच येत नाही.

दोन ट्रेड शेजारी ठेवून बघा. दोन्ही २०२१ सालचे.

मार्चमध्ये डेन्व्हरनं ऑर्लँडोकडून आरोन गॉर्डनला आणलं. बदल्यात गॅरी हॅरिस, आर. जे. हॅम्प्टन आणि पहिल्या फेरीचा एक पिक दिला. ऑर्लँडोत गॉर्डन हल्ल्याचा मुख्य माणूस होता आणि त्या कामात तो मध्यमच होता. डेन्व्हरला मुख्य माणूस नकोच होता, निकोला योकिच होता की. त्यांना हवा होता समोरच्या टीमच्या उंच, ताकदवान फॉरवर्डला अडवणारा आणि योकिचच्या हातात बॉल असताना रिंगकडे वेळेवर धावणारा खेळाडू. गॉर्डनच्या हातात बॉल कमी आला आणि त्याची किंमत वाढली. २०२३ ला डेन्व्हर पहिल्यांदा विजेता झाला.

त्याच उन्हाळ्यात लेकर्सनी रसेल वेस्टब्रुकला आणलं. नाव केवढं मोठं, २०१७ चा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू)! पण लेकर्सकडे लेब्रॉन जेम्स होता, त्यालाही खेळ चालवायला बॉल हातात लागतो. बॉल दुसऱ्याकडे असताना लांबून शूट करून डिफेन्सला ताणून ठेवणं हे वेस्टब्रुकचं बळ कधीच नव्हतं. शिवाय त्याचा पगार एवढा मोठा की तो जुळवायला काइल कुझ्मा, केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप, मॉन्ट्रेझ हॅरेल आणि पहिल्या फेरीचा एक पिक द्यावा लागला. म्हणजे एक जागा भरायला तीन जागा रिकाम्या केल्या. लेकर्स ३३ जिंकले, ४९ हरले आणि प्लेऑफबाहेर राहिले. कॉल्डवेल-पोप पुढे डेन्व्हरला पोचला आणि २०२३ च्या त्या विजेत्या संघात गॉर्डनच्या बाजूला सुरुवातीच्या पाचात खेळला.

वेस्टब्रुक वाईट खेळाडू आहे असं मी म्हणत नाही. त्याच्यासारखी मेहनत घेणारे थोडेच. त्याला जे येत होतं ते त्या टीमकडे आधीच होतं.

आकडे कुठले बघायचे? पॉइंट सरासरी पुरत नाही का?

नाही पुरत. किती पॉइंट केले याच्याबरोबर किती संधी खाल्ल्या हेही बघायला हवं. त्यासाठी ट्रू शूटिंग टक्केवारी वापरतात. फ्री थ्रोच्या संख्येला ०.४४ नं गुणायचं, त्यात फील्ड गोलचे प्रयत्न (म्हणजे घेतलेले शॉट) मिळवायचे, बेरजेची दुप्पट करायची आणि पॉइंटना तिनं भागायचं.

समजा एकानं २० शॉट आणि ४ फ्री थ्रो घेऊन २२ पॉइंट केले. त्याची ट्रू शूटिंग साधारण ५०.६ टक्के. दुसऱ्यानं १० शॉट आणि ३ फ्री थ्रोमध्ये १५ केले. त्याची ६६.३ टक्के. पेपरात पहिल्याचं नाव ठळक छापून येतं. ट्रेडमध्ये मी दुसऱ्याबद्दल फोन करीन. मात्र एक सांभाळायचं: दुसऱ्याला २० शॉट दिले तर तो टक्का टिकेलच असं नाही. सोपे शॉट कुणीतरी त्याला तयार करून देत असतो, आणि तो 'कुणीतरी' नव्या टीममध्ये आहे का हे विचारायचं.

डिफेन्सचे आकडे जपून वापरा. खेळाडू कोर्टवर असताना आणि नसताना टीमचा फरक किती, हे बघतात. पण सोबतचे चौघे कोण होते यावर तो आकडा फार हलतो. डिफेन्ससाठी मी तरी अजून सामना डोळ्यांनी बघण्यावरच जास्त भरवसा ठेवतो.

ड्राफ्ट पिक म्हणजे जन्माला न आलेला खेळाडू. त्यासाठी चांगला माणूस का देतात?

शेतात उभ्या पिकाचा सौदा करतात तसाच हा प्रकार. पाऊस कसा होईल ते दोघांनाही ठाऊक नसतं, तरी किंमत ठरते. पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराचा पगार ठरावीक तक्त्यानं बांधलेला असतो आणि तो चार वर्षांपर्यंत टीमच्या हातात राहतो. तो चांगला निघाला तर मोठा खेळाडू लहान पगारात मिळतो. कॅप आणि एप्रनच्या जमान्यात याहून मोलाची गोष्ट नाही.

पिक तोलताना तो कुणाचा आहे, कोणत्या वर्षीचा आहे आणि त्याला संरक्षण आहे का, हे बघायचं. पिकला 'टॉप ४ संरक्षण' असेल तर तो पहिल्या चारात आल्यावर मूळ मालकाकडेच राहतो. संरक्षण नसेल तर कितीही वर आला तरी गेला. स्वॅप म्हणजे दोघांच्या पिकांपैकी वरचा उचलायचा हक्क.

२०१३ ला ब्रुकलिननं केव्हिन गार्नेट, पॉल पिअर्स आणि जेसन टेरी यांच्यासाठी बॉस्टनला २०१४, २०१६, २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक आणि २०१७ चा स्वॅप दिला, तेही संरक्षणाशिवाय. गार्नेट तेव्हा ३७ वर्षांचा होता, पिअर्स ३५. ब्रुकलिनला प्लेऑफची एक फेरी जिंकता आली, आणि मग टीम कोसळत गेली. २०१६ चा पिक तिसरा लागला, त्यातून जेलन ब्राउन आला. २०१७ चा स्वॅप तर पहिलाच नंबर निघाला. तो फिलाडेल्फियाला देऊन बॉस्टननं तिसऱ्या नंबरवर टेटमला घेतलं. ब्राउन आणि टेटम यांच्यावरच २०२४ चं विजेतेपद उभं राहिलं. आपली टीम म्हाताऱ्या खेळाडूंवर उभी आहे हे ठाऊक असताना दूरच्या वर्षांचे पिक उघडे ठेवणं, यासारखा धोका नाही.

मग टीमनं सगळेच पिक विकले तर?

विकता येत नाहीत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी वर्षामागून वर्षाचे पिक देऊन टाकले. डॅलसला त्यातून डेरेक हार्पर आणि सॅम पर्किन्स मिळाले. म्हणून नियम आला, त्याला स्टेपियन नियमच म्हणतात: पुढच्या लागोपाठ दोन वर्षांत पहिल्या फेरीच्या पिकाशिवाय टीम राहू शकत नाही. आणि सात वर्षांपलीकडचे पिक देता येत नाहीत. एक वर्षाआड पिक आणि मधल्या वर्षांचा स्वॅप अशी जी ठेवण बातम्यांत दिसते, ती या नियमामुळे.

एका खेळाडूसाठी पाच-पाच पिक देणं वेडेपणा नाही का?

टीम कुठल्या वळणावर उभी आहे त्यावर अवलंबून. २०१९ ला क्लिपर्सनी पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमाला पहिल्या फेरीचे पाच पिक, दोन स्वॅप, डॅनिलो गॅलिनारी आणि एकच हंगाम खेळलेला शे गिल्जस-अलेक्झांडर दिला. त्यातल्या एका पिकातून २०२२ ला जेलन विल्यम्स आला. शे २०२५ चा एमव्हीपी झाला आणि ओक्लाहोमा विजेता. क्लिपर्स फायनललाही पोचले नाहीत, आणि जॉर्ज २०२४ ला क्लिपर्सना काहीही मोबदला न मिळता फिलाडेल्फियाला गेला.

तरी क्लिपर्सना मूर्ख म्हणायला मी तयार नाही. जॉर्ज आला तरच कावाय लेनर्ड येणार होता, आणि कावायनं नुकतंच टोरांटोला विजेता केलं होतं. एका ट्रेडमध्ये त्यांना दोन तारे मिळत होते. निकाल वाईट लागला, पण त्या दिवशीचा विचार समजण्यासारखा होता. माझी तक्रार वेगळी आहे: एवढे पिक देतानाच शेलाही देणं. दोन्ही टोकं एकदम सोडली की मागे फिरायला वाट राहत नाही.

उलटं उदाहरण टोरांटोचं. २०१८ ला त्यांनी डीमार डीरोझन हा शहराचा लाडका खेळाडू देऊन कावायला आणलं, करारात एकच वर्ष उरलेलं असताना. तो २०१९ ला सोडून गेला खरं, पण विजेतेपद देऊन. टोरांटोत कुणी आज तो ट्रेड परत मागेल असं मला वाटत नाही.

दोन्ही टीमचा फायदा झालाय असा ट्रेड असतो का?

असतो, आणि तसाच ट्रेड शोधायला शिकावं. फेब्रुवारी २०२२ ला सॅक्रामेंटोनं टायरीस हॅलिबर्टन इंडियानाला दिला आणि डोमान्टस सबोनिस घेतला. सॅक्रामेंटोकडे डिआरन फॉक्स हा पॉइंट गार्ड (खेळ चालवणारा) होताच, त्यांना मधे उभं राहून पास देणारा उंच माणूस हवा होता. २०२३ ला त्यांचा १६ हंगामांचा प्लेऑफचा दुष्काळ संपला. इंडियानाला टीम चालवणारा तरुण पॉइंट गार्ड हवा होता. २०२५ ला ते फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत गेले. जास्त काय कुणाला मिळालं यावर वाद घाला, पण दोघांचीही अडचण सुटली.

डॅलसनं लुका डॉन्चिच का सोडला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसनं डॉन्चिच लेकर्सना दिला आणि अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी व २०२९ चा पहिल्या फेरीचा एक पिक घेतला. डिफेन्सनं विजेतेपद मिळतं, असं कारण सांगितलं गेलं. ते कारण खोटं नाही. पण आदल्याच वर्षी टीमला फायनलमध्ये नेणारा २५ वर्षांचा खेळाडू देऊन जवळपास ३२ वर्षांचा, वारंवार जखमी होणारा खेळाडू आणि एकच पिक? शिवाय बाकीच्या टीमना कळूच दिलं नाही. चार जणांना विचारलं असतं तर भाव चढला असता. तोलण्याच्या कुठल्याही मापात हा ट्रेड बसत नाही. नंतर फक्त १.८ टक्के शक्यता असताना डॅलसला ड्राफ्टचा पहिला नंबर लागला आणि कूपर फ्लॅग मिळाला, पण ते नशीब. त्यामुळे ट्रेडचा निर्णय बरोबर ठरत नाही.

ठरलेला ट्रेड रद्द होतो का?

होतो. खेळाडूची वैद्यकीय तपासणी पास व्हावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्येच लेकर्सनी शार्लटच्या मार्क विल्यम्सचा ट्रेड तपासणीनंतर मोडला. २०१७ ला कायरी अर्विंगच्या ट्रेडमध्ये बॉस्टननं दिलेल्या आयझेया थॉमसच्या कमरेच्या सांध्याची दुखापत पुढे आली तेव्हा बॉस्टनला दुसऱ्या फेरीचा एक पिक जास्तीचा द्यावा लागला.

खेळाडूला विचारतात की नाही?

बहुतेकांना नाही. करारात ट्रेड नाकारण्याचा हक्क लिहून मिळालेले खेळाडू फारच थोडे. फेब्रुवारी २०१९ मध्ये डॅलसचा हॅरिसन बार्न्स सामना चालू असतानाच सॅक्रामेंटोला दिला गेला. तरी सामना संपेपर्यंत तो बेंचवर बसून राहिला. माणसाचं घर, बायकोची नोकरी, पोरांची शाळा एका फोनवर हलते. मोबाइलवर ट्रेडचे खेळ मांडताना आपण हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

डेडलाइन आपल्याकडे किती वाजता?

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे ३, म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड. परीक्षा जवळ असलेल्यांनी झोपावं, बातमी सकाळी तीच असते. नावाजलेल्या पत्रकारांच्या नावानं खोटी खाती त्या रात्री फार चालतात. टीमनं स्वतः जाहीर करेपर्यंत पुढे पाठवू नका.

आमचा पोरगा शाळेत सगळ्यात जास्त पॉइंट करतोय, खरं जिल्ह्याच्या टीमात घेतलं नाहीत. असं का?

एका पालकांनी विचारलेला हा प्रश्न मी मुद्दाम घेतलाय. निवड कुणी कशी केली त्यावर मी बोलणार नाही. पण वर गॉर्डनबद्दल लिहिलं ते इथेही लागू आहे. बारा जणांच्या टीममध्ये प्रत्येक शाळेचा पहिला स्कोअरर घेतला तर बारा स्कोअरर जमतात आणि बॉल एकच असतो. निवडणारा बघतो की याच्या हातात बॉल नसताना हा काय करतो.

तालुक्याच्या पुढच्या सामन्यात वही घेऊन बसा. त्याचे पॉइंट लिहू नका, ते स्कोअरशीटवर असतातच. त्यानं घेतलेले शॉट लिहा, सोबत्यासाठी लावलेले स्क्रीन (अडवणाऱ्याच्या वाटेत उभं राहून सोबत्याला मोकळं करणं) लिहा, मागे धावून किती वेळा डिफेन्समध्ये वेळेवर पोचला ते लिहा, आणि ज्या पोराला तो अडवत होता त्यानं किती पॉइंट केले तेही लिहा. चार-पाच सामन्यांची अशी वही घेऊन त्याच्या कोचकडे जा आणि 'ह्याच्यात काय कमी पडतंय, सर?' एवढंच विचारा.